ऋणमुक्तीचा हिशेब

प्रस्तावना

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. या दोन कामांत माणसाचा खरा कस लागतो, असा तिचा आशय आहे. पूर्वी नोकरदार माणूस आयुष्यभर पै-पैसा साठवी आणि निवृत्तीच्या सुमारास चार भिंती उभ्या करी. १९७७ साली मुंबईत हसमुख ठाकोरदास पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी ही गृहवित्त संस्था स्थापन झाली. १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक अस्तित्वात आली. पुढे राष्ट्रीयीकृत, खाजगी आणि सहकारी बँकांनीही गृहकर्जे मोठ्या प्रमाणावर देण्यास सुरुवात केली. त्यामुळे जुना क्रम उलटा झाला. आता घर आधी मिळते आणि त्याचा पैसा नंतर वीस-वीस वर्षे फेडला जातो.

पस्तिसाव्या वर्षी घेतलेले वीस वर्षांचे कर्ज पंचावन्नाव्या वर्षी संपते. या काळात मुलांची शिक्षणे येतात, आईवडिलांची आजारपणे येतात, कधी नोकरीवरही गदा येते. हप्ता मात्र दरमहा ठरल्या दिवशी खात्यातून वजा होतच राहतो. हे ओझे मुदतीआधी उतरवता येते का, कसे उतरवावे आणि ते करताना कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार या वैचारिक पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• मासिक हप्त्यातील मुद्दल आणि व्याज यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• जादा रक्कम भरल्याने व्याज आणि मुदत का कमी होते, हे उदाहरणाने सांगू शकाल;
• मुदतपूर्व परतफेडीसंबंधीचे नियम आणि सावधगिरी यांची माहिती देऊ शकाल;
• कर्जव्यवहारातील मराठी शब्दांचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. कर्ज, गहाण आणि हप्ता

‘कर्ज’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ‘हप्ता’ या शब्दाचे मूळ फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात या शब्दात आहे. हप्ता म्हणजे मुळात आठवडा. आठवड्याला द्यावयाची रक्कम म्हणून तो शब्द रूढ झाला आणि आज महिन्याने भरावयाच्या रकमेलाही हप्ताच म्हणतात. ‘ऋण’ हा संस्कृत शब्द मात्र अधिक व्यापक आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे परंपरेने मानली आहेत. ही ऋणे पैशाने फिटत नाहीत. कर्जाचे तसे नाही; ते पैशानेच घेतले जाते आणि पैशानेच फिटते.

कर्ज आणि सावकारी यांचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या उठावात शेतकऱ्यांचा रोष मुख्यतः सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. हे कागद हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आकड्यांचे कागद वाचता न येणारा माणूस त्या कागदांच्या हाती कसा सापडतो, हे या घटनेने दाखवून दिले. आजचा कर्जदार साक्षर आहे. तरीही आपल्या कर्जखात्याचा उतारा नीट वाचणारे कर्जदार थोडेच असतात.

गृहकर्जात घरच तारण असते. मालक घरात राहतो, पण मूळ दस्तऐवज बँकेकडे गहाण राहतात. कर्जाची शेवटची पै फिटेपर्यंत त्या घरावर बँकेचा बोजा असतो.

२. हप्त्याच्या पोटात काय असते?

समजा, एका शिक्षक दांपत्याने ९ टक्के वार्षिक दराने २० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. असे २४० हप्ते भरले म्हणजे एकूण सुमारे ४३ लाख १९ हजार रुपये भरले जातात. त्यांपैकी २० लाख मुद्दल आणि सुमारे २३ लाख १९ हजार व्याज. मुद्दलापेक्षा व्याजच अधिक!

असे का होते? प्रत्येक महिन्याचे व्याज त्या वेळी शिल्लक असलेल्या मुद्दलावर आकारले जाते. पहिल्या महिन्यात २० लाखांवर पाऊण टक्का, म्हणजे १५,००० रुपये व्याज होते. १७,९९५ रुपयांच्या हप्त्यातून ते वजा केले की मुद्दलाकडे केवळ २,९९५ रुपये वळतात. दुसऱ्या महिन्यात शिल्लक किंचित कमी झालेली असते. म्हणून व्याजही किंचित कमी होते आणि मुद्दलाचा वाटा किंचित वाढतो. हा पालट फार संथ गतीने होतो. पहिल्या वर्षी हे दांपत्य सुमारे २ लाख १६ हजार रुपये भरते, परंतु मुद्दल केवळ साडेसदतीस हजारांनी कमी होते. पाच वर्षांनी सुमारे पावणेअकरा लाख रुपये भरून झालेले असतात आणि तरीही १७ लाख ७४ हजार रुपये देणे उरते. निम्मे मुद्दल फिटण्यास चौदा वर्षे लागतात.

यात बँकेची लबाडी नाही. जितके पैसे वापरले, तितक्याचे भाडे द्यावे लागते, एवढाच या गणिताचा अर्थ आहे. आरंभी वापरातील रक्कम मोठी असते, म्हणून भाडेही मोठे असते. परंतु याच गणितात सुटकेची वाटही आहे. हप्त्याव्यतिरिक्त भरलेला प्रत्येक रुपया मुद्दलातून वजा होतो आणि त्या रुपयावर उरलेल्या सर्व वर्षांत लागणारे व्याज वाचते.

पाठगत प्रश्न – १
(अ) ‘हप्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(आ) पहिल्या महिन्याच्या १७,९९५ रुपयांच्या हप्त्यात व्याजाचा वाटा किती आहे?
(इ) सुप्याच्या उठावात शेतकऱ्यांनी कोणते कागद जाळले?

३. जादा भरण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग दरमहा थोडे अधिक भरण्याचा. वरील दांपत्याने आरंभापासून दरमहा २,००० रुपये जास्त भरले, तर कर्ज २४० ऐवजी १८६ महिन्यांत, म्हणजे साडेपंधरा वर्षांत फिटते. व्याजाचे सुमारे ६ लाख रुपये वाचतात.

दुसरा मार्ग वर्षाला एक जादा हप्ता भरण्याचा. दिवाळीचा बोनस, वेतनवाढीची थकबाकी किंवा शेतीचे उत्पन्न हाती आल्यावर अनेकांना हा मार्ग सोयीचा वाटतो. प्रत्येक वर्षाच्या अखेरीस तेरावा हप्ता भरला, तर तेच कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत संपते आणि ४ लाख ६० हजारांच्या आसपास व्याज वाचते.

तिसरा मार्ग एखादी मोठी रक्कम एकदाच भरण्याचा. येथे वेळेला फार महत्त्व आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस १ लाख रुपये भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे २७ हप्ते कमी होतात आणि जवळजवळ ४ लाख रुपये व्याज वाचते. हेच १ लाख रुपये पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले, तर सुमारे ८ हप्ते कमी होतात आणि वाचणारे व्याज ५२ हजारांच्या आसपास असते. रक्कम तीच, कर्ज तेच. फरक केवळ काळाचा. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीविषयी सांगितली जाते. परतफेडीच्या बाबतीत तिला एक पुस्ती जोडावी लागेल : थेंब जितका आधी पडेल, तितके तळे मोठे होईल.

४. मुदत कमी करावी की हप्ता?

जादा रक्कम भरल्यावर कर्जदारापुढे दोन पर्याय असतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करता येते किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करता येतो. वरील १ लाख रुपयांचेच उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षाच्या अखेरीस ते भरून हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता सुमारे ९१७ रुपयांनी उतरतो. उरलेल्या २२८ महिन्यांत व्याजाची बचत सुमारे १ लाख ९ हजार होते. मुदत कमी केली असता हीच बचत जवळजवळ ४ लाख होते. म्हणून ज्याला हप्ता झेपतो, त्याने मुदत कमी करून घेणे हिताचे.

परंतु ज्या घरात एक मिळकत बंद झाली आहे किंवा आजारपणाचा खर्च वाढला आहे, तेथे दरमहा सुटणारे ९१७ रुपयेही मोलाचे असतात. तेथे हप्ता कमी करणे हा शहाणपणाचाच निर्णय होय. रक्कम भरताना कोणता पर्याय हवा आहे, हे बँकेला लेखी कळवावे आणि नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्यावे.

५. व्याजदराचे चढउतार

बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली अशी नवी कर्जे बाह्य मानदंडाशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडली गेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. दर वाढला की बँका बहुधा हप्ता न वाढवता मुदत वाढवत. कर्जदाराला खात्यातून जाणारी रक्कम तेवढीच दिसे आणि आपले कर्ज लांबले आहे, हे त्याच्या ध्यानीही येत नसे.

याचे गांभीर्य एका उदाहरणावरून कळेल. ७ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या २० लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे १५,५०६ रुपये असतो. कर्ज घेताच दर ९ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर त्यातील १५,००० रुपये व्याजातच जातात. मुद्दलासाठी उरतात ५०६ रुपये. या गतीने ते कर्ज फिटण्यास गणिताने ३८ वर्षे लागतील. ज्याने वेळीच हप्ता वाढवला किंवा जादा रक्कम भरली, तोच या फेऱ्यातून सुटतो. याउलट दर उतरल्यावर ज्याने जुनाच हप्ता चालू ठेवला, त्याची परतफेड आपोआप वेग घेते.

६. कर्जदाराचे हक्क

पूर्वी कर्ज मुदतीआधी फेडणाऱ्याकडून अनेक बँका दंडवजा शुल्क घेत. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर असे शुल्क घेण्यास बँकांना मनाई केली. २०२५ साली या नियमांची व्याप्ती वाढवणारे नवे निर्देश निघाले. १ जानेवारी २०२६ रोजी किंवा त्यानंतर मंजूर अथवा नूतनीकृत झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. स्थिर दराच्या कर्जाला मात्र शुल्क लागू शकते. म्हणून करारनाम्यातील अटी आधी वाचाव्यात.

ऑगस्ट २०२३ च्या निर्देशांनुसार व्याजदर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्हींचा मेळ घालावा, याची निवड कर्जदाराला द्यावी लागते. मुदतीत केव्हाही अंशतः किंवा पूर्ण परतफेड करण्याची मुभाही द्यावी लागते. दर तिमाहीस मिळणाऱ्या विवरणात वसूल झालेले मुद्दल, वसूल झालेले व्याज आणि उरलेले हप्ते दाखवावे लागतात. हे विवरण म्हणजे कर्जदाराचा आरसा होय. त्यात पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पाठगत प्रश्न – २
(अ) जादा रक्कम भरल्यावर कोणते दोन पर्याय उपलब्ध असतात?
(आ) व्याजदर वाढूनही हप्ता तोच राहिला, तर काय होते?
(इ) तिमाही विवरणात कोणती माहिती असते?

७. घाई कोठे करू नये?

कर्ज लवकर फेडावे हे खरे. पण घरातील सगळी शिल्लक त्यात ओतून मोकळे होणे बरे नव्हे. बँकेत भरलेला जादा पैसा घराच्या भिंतींत अडकतो. अडचणीच्या दिवशी भिंतीची वीट काढून दवाखान्याचे बिल भागवता येत नाही. काही बँका गृहकर्जाला ठेवखात्याची जोड देतात. त्या खात्यात ठेवलेल्या रकमेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही आणि गरजेला पैसे काढताही येतात. मात्र अशा कर्जाचा दर काही वेळा जास्त असतो.

म्हणून जादा रक्कम भरण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी गंगाजळी हाताशी असावी. दुसरी, मिळवत्या माणसाचा आयुर्विमा आणि कुटुंबाचा आरोग्यविमा असावा. अन्यथा कर्ता माणूस गेल्यास कर्ज मागे राहणाऱ्यांच्या माथी येते. तिसरी, क्रेडिट कार्डाची थकबाकी, वैयक्तिक कर्ज अशी चढ्या व्याजाची देणी आधी फेडावीत. चौथी, कराचा विचार करावा. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. तथापि केवळ कर वाचतो म्हणून व्याज भरत राहणे म्हणजे तीस रुपये वाचवण्यासाठी शंभर रुपये खर्च करण्यासारखे आहे.

जादा पैसा बँकेत मुदत ठेवीत ठेवावा की कर्जात भरावा, असाही प्रश्न पडतो. कर्जाचा दर ९ टक्के असेल, तर भरलेल्या रुपयाने ९ टक्क्यांचे व्याज निश्चित वाचते. ठेवीचा दर सामान्यतः कर्जाच्या दरापेक्षा कमी असतो आणि तिच्या व्याजावर करही लागू शकतो. शेअर बाजारात अधिक परतावा मिळू शकतो, पण त्याची हमी कोणी देत नाही. ज्याची जोखीम सोसण्याची जितकी ताकद, तितकाच त्याने हा विचार करावा.

८. शेवटचा हप्ता आणि त्यानंतर

कर्ज फिटले म्हणजे काम संपले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात महत्त्वाचे काम तेथे सुरू होते. बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘बाकी’ म्हणजे उरलेले. काहीही देणे उरले नाही, याचा हा पुरावा. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे बंधनकारक आहे. बँकेच्या कारणाने विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर फेरफाराने तो कमी झाल्याची खात्री करावी. पुढे घर विकताना किंवा वारसांच्या नावे करताना ही एक नोंद राहून गेल्यास मुलांना कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

कर्ज काढून घर घेणे यात कमीपणा नाही. कर्जामुळेच असंख्य कुटुंबांना भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात येता आले. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीचा अर्थ पाय कधीच पसरू नयेत असा नाही. अंथरुणाची लांबी ठाऊक असावी, असा आहे. जो आपल्या कर्जाचा हिशेब स्वतः करतो, त्याला दरवर्षी थोडेथोडे मोकळे होण्याची वाट सापडते. साडेचार वर्षे आधी संपलेले कर्ज म्हणजे साडेचार वर्षांचे हप्ते कुटुंबाच्या हाती परत येणे होय. त्यातून मुलीचे उच्च शिक्षण होऊ शकते, वृद्ध आईची शस्त्रक्रिया होऊ शकते किंवा निवृत्तीचे दिवस निर्धास्त जाऊ शकतात. ऋणमुक्तीचे मोल या गोष्टींत आहे.

शब्दार्थ
मुद्दल – मूळ कर्जाऊ रक्कम
तारण – कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली मालमत्ता
बोजा – मालमत्तेवर नोंदलेला कर्जाचा भार
गंगाजळी – अडचणीसाठी राखून ठेवलेला निधी
बेबाकी दाखला – देणे शिल्लक नसल्याचे प्रमाणपत्र
फेरफार – जमिनीच्या हक्कनोंदीतील बदल
गदा येणे (वा.प्र.) – संकट ओढवणे
पायऱ्या झिजवणे (वा.प्र.) – पुनःपुन्हा खेपा घालणे

तुम्ही काय शिकलात?
• आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. म्हणून लवकर भरलेली जादा रक्कम अधिक व्याज वाचवते.
• हप्ता तोच ठेवून मुदत कमी केल्यास सर्वाधिक बचत होते.
• जादा परतफेडीपूर्वी राखीव निधी, विमा आणि महागडी देणी यांचा विचार करावा.
• कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला आणि मूळ दस्तऐवज घ्यावेत आणि बोजा उतरल्याची खात्री करावी.

स्वाध्याय
१. ‘रक्कम तीच, कर्ज तेच; फरक केवळ काळाचा’ हे विधान पाठातील आकड्यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘कर्ज’ आणि ‘ऋण’ या शब्दांच्या अर्थछटांतील फरक सांगा.
३. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीचा पाठात लावलेला अर्थ तुम्हाला पटतो का? सकारण लिहा.
४. ‘गहाण ठेवणे’ हा वाक्प्रचार शब्दशः अर्थाने एका आणि लाक्षणिक अर्थाने (उदा., बुद्धी गहाण ठेवणे) दुसऱ्या वाक्यात वापरा.
५. गृहकर्जाची अंशतः मुदतपूर्व परतफेड करून हप्ता तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी, अशी विनंती करणारे पत्र बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना लिहा.

उपक्रम
तुमच्या घरातील किंवा परिचयातील एखाद्या कर्जाच्या परतफेडीचे वेळापत्रक, संबंधितांच्या परवानगीने, पाहा. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या हप्त्यातील मुद्दल आणि व्याज यांचा तक्ता तयार करा आणि त्यावरून काय दिसते, ते दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) आठवडा (आ) १५,००० रुपये (इ) सावकारांकडील कर्जरोखे
२. (अ) मुदत कमी करणे किंवा हप्ता कमी करणे (आ) हप्त्यातील मुद्दलाचा वाटा घटतो आणि मुदत लांबते (इ) वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, तसेच उरलेले हप्ते